चव्वेचाळीस पन्ह्याचं गाणं

भूपाल मगदूमांनी, म्हणजे गल्लीच्या अण्णांनी, कॉम्प्युटरवर केलेलं पहिलं गाणं सव्वाचार मीटर भरलं. पन्हा चव्वेचाळीस इंच. काठ सरळ, वीण दाट, कुठं एक तार तुटलेली नाही. अण्णांनी ते पितळी पट्टीनं दोनदा मोजलं, आणि चाळीस वर्षं जॉबरकी केलेल्या माणसाचं माप चुकत नाही, हे आमच्या गल्लीत कुणीही सांगेल. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. आमचं गाव मागांचं, त्यामुळं इथं डॉक्टरपेक्षा जॉबरला लवकर बोलावतात.

झालं असं, की अण्णांची मुलगी त्रिशला पुण्याहून आली आणि जाताना आपला जुना लॅपटॉप ठेवून गेली. "अण्णा, घरात नुसते बसून आईच्या मागं कटकट करू नका," म्हणाली. "यात संगीत करायचं सॉफ्टवेअर टाकलंय. एकावर एक आवाजाचे थर टाकायचे, बस्स. दाबून बघा, काही बिघडत नाही." बिघडायचं म्हणाल तर लॅपटॉपची बॅटरी आधीच गेलेली होती, सारखी वायर लावून ठेवावी लागायची. सॉफ्टवेअर फुकटचं, एकवीस दिवसांपुरतं. त्यात केलेलं साठवून ठेवायची सोय नव्हती, आणि भाषा कुठली तर देव जाणे. अक्षरांच्या डोक्यावर दोन-दोन टिंबं होती.

दुसरा कुणी असता तर तिथंच हात टेकले असते. पण अण्णांनी पडद्यावर बघितलं आणि त्यांना एकदम घरच्यासारखं वाटलं. आडव्या पट्ट्या होत्या, तो ताणा. उभ्या रेघा होत्या, तो बाणा. मधून एक रेघ सरसर सरकत होती, तो धोटा. "ह्यो तर मागच हाय की," अण्णा म्हणाले, आणि दाबत सुटले. ढोलासारखा एक आवाज मिळाला, तो खालच्या पट्टीत टाकला. पाण्यातून आल्यासारखा एक मिळाला, तो त्याच्यावर. मग पडद्यावर एक चौकट आली. तीत तारेचं चित्र आणि पुढं प्रश्नचिन्ह. म्हणजे माल कुठं काढू, असं ते विचारत होतं.

इथं शहाण्या माणसानं स्पीकर जोडला असता. पण ज्याच्या जन्मात माल म्हणजे कापड, त्याला स्पीकर कुठून सुचणार? लॅपटॉपला कानातलं जोडायचं जे भोक असतं, त्यात अण्णांनी तार खुपसली आणि तिचं दुसरं टोक मागच्या खोलीतल्या मागाला जोडली. तो एक माग त्यांनी विकला नव्हता. बीमवर सूत नव्हतं आणि मोटारीचा पट्टा दोन वर्षांपूर्वीच काढून ठेवलेला. अण्णांनी बटण दाबलं आणि माग चालू झाला. धोटा इकडून तिकडं पळत होता, पण खडखड अजिबात नाही. मिनिटाला एक मीटर या हिशेबानं कापड पुढं सरकत होतं. रंग म्हणाल तर कोऱ्या मांजरपाटासारखा, जरा निळसर.

अण्णांनी कापड हातात घेऊन वीण बघितली, नाकाशी धरून वास घेतला, आणि सवयीनं खांद्यावर टाकलं. तेव्हा गाणं लागलं. कानात नाही. मागांजवळ आयुष्य काढल्यानं त्यांच्या कानांचं अर्धं दुकान बंदच होतं. गाणं लागलं खांद्याच्या हाडात, पाठीत, बरगड्यांत. ढोल मणक्यातून खाली उतरला आणि ते पाण्यातलं काहीतरी दोन्ही दंडांतून बोटांपर्यंत गेलं. सव्वाचार मिनिटं अण्णा तसेच उभे राहिले. अंगावर सरसरून काटा आला होता. "आयला," एवढंच म्हणाले, आणि हेही त्यांनी हळू म्हटलं.

आणि मग त्यांना पद्मा आठवली.

पद्मावती, म्हणजे गल्लीची पद्माक्का, अण्णांची बायको. तीस वर्षं कारखान्यात मेंडिंगला होत्या. कापडातले दोष बोटांनी शोधायचे आणि सुईनं भरायचे, हे त्यांचं काम, आणि ते अठ्ठेचाळीस मागांच्या शेजारी बसून. अकरा वर्षांपूर्वी कानांनी पार राजीनामा दिला. डॉक्टर म्हणाले, मशीन लावूनही उपयोग नाही. तेव्हापासून नवरा-बायकोचं बोलणं मागवाल्यांच्या खुणांनी चालायचं, ज्या खुणा कारखान्यात सगळ्यांनाच येतात. पण खुणांनी सांगून सांगून किती सांगणार? तार तुटली, मालक आला, मीठ कमी हाय. त्यापलीकडं खुणा जात नाहीत.

अण्णांनी कापड नेऊन पद्माक्कांच्या खांद्यावर घातलं. त्यांनी बोटांनी वीण चाचपली, मान डोलावली, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं एका पट्टीत, मोठ्यानं म्हणाल्या, "चांगलं हाय. कुणाचं?"

काही ऐकू आलं नव्हतं. अण्णा हिरमुसले. पण जॉबर होते ते. त्यांनी विचार केला, दोन थरांचं कापड माझ्या अर्ध्या कानाला पुरतं. हिचा बहिरेपणा जाड, तर कापडही जाड पाहिजे. मग तीन थरांचं विणलं. पद्माक्का म्हणाल्या, "गुदगुल्या होत्यात." पाच थरांचं विणलं, तेव्हा त्या एकदम उठल्या आणि दार उघडून बघून आल्या. कुणीतरी दार वाजवतंय असं त्यांना वाटलं होतं. बाहेर कुणी नव्हतं. 

त्यांनी त्रिशलाला फोन लावला. "तुझ्या आईला पाच थरांवर दार ऐकू आलं."

 ती म्हणाली, "थर वाढवा अण्णा. किती दिवस राहिलेत?"

"चौदा."

"मग माझ्याशी काय बोलत बसलाय?"

सॉफ्टवेअरमधले तयार आवाज पद्माक्कांना लागत नव्हते. ते ओळखीचेच नव्हते त्यांच्या, अंग तरी कसं ओ देणार? म्हणून अण्णांनी बाहेरचे आवाज भरायला घेतले. लॅपटॉप स्टुलावर, मागं वीस मीटरची वायर, आणि अण्णा गल्लीभर. वीस मीटरच्या आत जे वाजेल ते त्यांचं. शेजारच्या इनामदारांच्या कुकरची शिट्टी त्यांनी घेतली, धुण्याच्या दगडावरचा थपथपाट घेतला, बस्तीतली, म्हणजे आमच्या जैन देवळातली, सकाळची घंटा घेतली. पद्माक्का भाकरी थापत होत्या, त्यांच्या नकळत तोही आवाज घेतला आणि बांगड्यांचा त्याच्यासोबत फुकट आला. गल्ली सहकार्याला तयार होती. "अण्णा, आमचं जातं घेता का?" असं बायका दारातून विचारायच्या आणि अण्णा वायर पुरते का बघून उत्तर द्यायचे.

आणि मग एकावर एक थर चढायला लागले, तेव्हा अण्णांना कळलं की आपण चाळीस वर्षं कशाशेजारी उभे होतो. समोरच्या कारखान्यातल्या मागांची खडखड त्यांनी भरली आणि एक काटा चुकून डावीकडं फिरवला. खडखड सोळापट संथ झाली. अहो, तो आवाजच राहिला नाही! लांबवर कुठंतरी प्रचंड काहीतरी श्वास घेत होतं. त्याच्यावर कुकरची शिट्टी उलटी करून टाकली तर ती बासरीसारखी आत ओढली गेली. भाकरीचा थपथप त्याच्यात बरोबर ताल धरून बसला, कुणी शिकवलं नव्हतं तरी. अण्णा अर्ध्या विणलेल्या कापडावर तळहात ठेवून बसायचे आणि हाडातून ते ऐकायचे. आपल्या गल्लीत एवढं सगळं होतं, आणि आपण त्याला कटकट म्हणत होतो. त्यांना देवळात बसल्यासारखं वाटायचं, आणि जरा लाजही वाटायची.

दोनदा वीज गेली आणि दोन्ही वेळा नऊ-नऊ थर वाहून गेले. दुसऱ्या वेळी अण्णा मागाला डोकं टेकून रडले. नंतर तोंड धुऊन पुन्हा कुकरपासून सुरुवात केली.

सोळाव्या दिवशी माग तपासणी कार्यालयाचे निरीक्षक लोहोकरे आले. उंच, सडपातळ, खिशाला दोन पेनं. कुणीतरी अर्ज केला होता की मगदूमांच्या घरी विनासूत विणकाम चालतं.

"चालतं का?" लोहोकऱ्यांनी विचारलं.

"चालतं," अण्णा म्हणाले.

लोहोकऱ्यांनी बीम बघितला, मोटारीचा काढलेला पट्टा बघितला, आणि खुर्चीवर बसून फॉर्म काढला. "सुताचा प्रकार. कापूस, रेशीम, कृत्रिम, इतर."

"इतर."

"इतर असल्यास तपशील?"

"कुकरच्या शिट्ट्या, तीन. बस्तीची घंटा. मागांची खडखड, सोळापट संथ. भाकरी."

"भाकरी खाण्याची की थापण्याची?"

"थापण्याची."

लोहोकऱ्यांनी ते लिहिलं. अक्षर सुंदर होतं त्यांचं. मग म्हणाले, "मगदूम, माझी काही हरकत नाही. पण नवीन प्रकारच्या कापडाचा नमुना जमा करावा लागतो. अर्धा मीटर, पूर्ण पन्ह्याचा, न वापरलेला. नाहीतर मागाला सील लावावं लागेल."

"अर्धा मीटर कापलं तर गाण्यातलं अर्धं मिनिट जाईल की वो साहेब."

"ते कापडात मोडत नाही. फॉर्ममध्ये गाण्याला रकाना नाही." आणि जरा थांबून, हलक्या आवाजात, "मुदत पाच दिवस देतो. त्याहून जास्त माझ्या हातात नाही."

पाच दिवसांनी एकविसावा दिवस होता. सॉफ्टवेअर संध्याकाळी पाचला बंद पडणार होतं, तसा आकडाच उलटा पळत होता कोपऱ्यात.

त्या दिवशी सव्वाचारच्या सुमाराला अकरा थर पुरे झाले. वीज होती. अण्णांनी अरिहंतांचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. माग चालला, बिनआवाज. सहा मीटर कापड उतरलं, दिसायला गोधडीएवढं दाट आणि हातात घेतलं तर ओढणीएवढं हलकं. तेवढ्यात लोहोकरे दारात. हातात कात्री आणि कार्यालयाचं पाकीट.

"बसा साहेब," अण्णा म्हणाले, आणि लोहोकऱ्यांना बसायला लावून त्यांनी ते सहाच्या सहा मीटर पद्माक्कांच्या अंगाभोवती गुंडाळले.

पद्माक्का सुरुवातीला नुसत्या उभ्या होत्या. मग त्यांचा हात वर गेला आणि हवेत तसाच थांबला. डोळे मोठे झाले. "घंटा," त्या म्हणाल्या. "बस्तीतली. मोठी न्हवं, धाकटी." अण्णांनी जोरजोरात मान हलवली. "आणि ह्ये... ह्ये इनामदारीणबाईचा कुकर. रबर गेलंय त्याचं." मग त्या खाली बसल्या, आणि ती संथ खडखड त्यांच्यात शिरली असावी, कारण त्यांनी दोन्ही हात छातीवर घट्ट दाबले. "माग हायत," त्या म्हणाल्या. "समदे माग हायत. अवो, किती मोठं हाय ह्ये!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. मग भाकरीचा थपथप आला. त्यांनी आपल्याच तळहातांकडं बघितलं, आळीपाळीनं, कुणाचे आहेत म्हणून. सहा मिनिटं खोलीत कुणी हललं नाही. लोहोकऱ्यांनी कात्री मांडीखाली सारली होती.

गाणं संपलं. पद्माक्कांनी पदराच्या टोकापासून सगळं कापड बोटांनी चाचपलं, मेंडिंगला बसल्यासारखं, इंच-इंच. दोन वेळा. मग मान वर करून विचारलं, "ह्यात तुम्ही कुठं हाय?"

अण्णांनी खुणेनं विचारलं, म्हणजे?

"समदी गल्ली घातली. तुमचा आवाज कुठाय?"

अण्णांनी आपला आवाज घातलाच नव्हता. सुचलंच नव्हतं त्यांना. त्यांचा घोगरा आवाज, त्याला कोण संगीत म्हणणार? त्यांनी घड्याळाकडं बघितलं, मग लॅपटॉपच्या कोपऱ्यात. तेरा मिनिटं होती.

"मगदूम," लोहोकरे घसा खाकरून म्हणाले, "एक अडचण आहे. हे कापड आता अंगावर घेतलेलं आहे. म्हणजे वापरलेलं. यातला नमुना मला चालणार नाही. नवीन विणाल त्यातला घ्यावा लागेल."

"साहेब, माझं एक वाक्य चार बोटं कापड भरंल. त्यातलं अर्धा मीटर काय कापणार?"

"म्हणून सांगतोय. अर्धा मीटर कार्यालयासाठी बोला. पुढचं तुमचं."

अण्णांनी खुणेनं बायकोला विचारलं, किती पाहिजे? पद्माक्का म्हणाल्या, "निदान ब्लाऊजपीस तरी हू दे."

म्हणजे एक मीटर. एक मिनिट बायकोशी आणि अर्धं मिनिट सरकारशी. आणि तेही एकदा म्हणून भागणार नव्हतं. सात थरांच्या आत पद्माक्कांपर्यंत माणसाचा शब्द पोचला नसता, याचा अंदाज अण्णांना आता होता. तयार थराची नक्कल करायचं बटण त्या टिंबांच्या भाषेत कुठं होतं, ते त्यांना एकवीस दिवसांत सापडलं नव्हतं. दीड मिनिट गुणिले सात, वर विणायचं दीड मिनिट. बारा.

"बोला, बोला," लोहोकरे उभे राहिले. "मी घड्याळ बघतो."

अण्णा लॅपटॉपसमोर बसले. "नाव भूपाल आदगोंडा मगदूम," ते म्हणाले. "राहणार, बस्तीमागची गल्ली. साधा माग, एक. मोटार बंद. सूत, इतर." लोहोकऱ्यांनी बोट वर केलं, अर्धा मीटर झाला. आता बायकोचा मीटर.  अकरा वर्षं खुणा केलेल्या माणसाला पूर्ण वाक्य येईना.

मग आलं. "पद्मा, मी बोलतोय. तुझं कान गेलं त्या दिवशी मी दवाखान्याच्या बाहेर उभा व्हतो, आत आलो न्हाई, तुला वाटलं मी चा प्यायला गेलो. मी भ्यालो व्हतो. तुझ्या हाताखालनं गेलेलं कापड मी कधी परत तपासलं न्हाई, येवढा तुझा भरोसा. आणि एक सांगायचं ऱ्हायलंय. रोज संध्याकाळी घरी आलो की दारातनं मी हाक मारतो. पद्मा, आलो गं. तुला ऐकू येत न्हाई, म्हाईत हाय. तरी मारतो. एक दिवस चुकवला न्हाई." लोहोकऱ्यांचं बोट वर झालं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

दुसरा थर. तिसरा. दर वेळी शब्द जरा इकडंतिकडं व्हायचे, दवाखान्याचं कधी आधी यायचं, कधी मागाहून. पण हाक शेवटी, प्रत्येक वेळी. सातव्या थराला आवाज बसला होता आणि नुसता श्वासच जास्त गेला. "दोन मिनिटं," लोहोकरे ओरडले. अण्णांनी बटण दाबलं. धोटा पळाला. दीड मीटर कापड उतरलं, शेवटची तार बसली आणि पडदा काळा झाला. त्यावर टिंबांच्या भाषेत काहीतरी आलं, बहुधा आभार असावेत.

लोहोकऱ्यांनी पट्टी लावून मोजलं आणि बरोबर अर्ध्या मीटरवर कात्री चालवली. नमुना मनगटावर ठेवून त्यांनी नाव, पत्ता, माग संख्या पडताळून बघितली. सात मगदूम एका वेळी तीच माहिती देत होते, त्यात तफावत नव्हती. त्यांनी कापडाची घडी घालून पाकीट बंद केलं, वर तारीख टाकली. "तुमची फाईल पूर्ण झाली," म्हणाले, आणि जाताना दारात चपला घालायला त्यांना जरा वेळच लागला.

उरलेलं कापड अण्णांनी पद्माक्कांच्या खांद्यावर घातलं आणि दोन पावलं मागं सरकून उभे राहिले. पळून जावं असं वाटत होतं त्यांना.

पद्माक्का ऐकत होत्या. "आवाज म्हातारा झाला की वो तुमचा," त्या म्हणाल्या.  मीटरभर कापड, मिनिटभर वेळ. सात थरांमधून सात भूपाल, कुणी पुढं, कुणी मागं, त्यांच्या पाठीत बोलत होते. दवाखान्याचं आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. शेवटच्या वीतभर कापडात हाक होती. तिथं त्यांनी डोळे उघडले आणि नवऱ्याकडं न बघता दाराकडं बघितलं.

"रोज?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी मान हलवली.

पद्माक्का उठल्या. कापड खांद्यावर सावरत दाराशी गेल्या, चौकटीला धरून उभ्या राहिल्या, आणि बाहेर रिकाम्या गल्लीकडं तोंड करून म्हणाल्या, "ओ!"

एवढ्या मोठ्यानं, की कोपऱ्यापर्यंत पोचलेले लोहोकरे आपल्यालाच कुणी बोलावलं म्हणून वळले, आणि तसं काही नाही हे बघून पाकीट काखेत धरून पुढं गेले.